ते बदकच निघालं असतं तर?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पावसानं वीज जायची, मग उगाच आळस. पण आज जे लिहिणार आहे ते मनात उन्हाळ्यापासून घोळतं आहे. विषय तसा साधा आहे, लहान मुलांची चित्रांची पुस्तकं. पण तो माझ्यापर्यंत आला तो एका लग्नघरातून. म्हणून आधी ते सांगते.

मे महिन्यात आमच्या नात्यात लग्न होतं. घरची सगळी जमली होती, तुमच्यापैकीही बरेच जण होतात. माझी नात, धाकट्या मुलाची, दुसरीत गेली आहे. वर्षभरापासून तिच्या ओठाच्या कडेला, बोटांवर आणि कोपरावर पांढरे डाग आले आहेत. कोड. आपल्याकडे हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही, म्हणून मी मुद्दाम लिहिते आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे की हा संसर्ग नाही, महारोगाशी त्याचा काही संबंध नाही, कुणाच्या पापाशी तर नाहीच नाही. शरीराची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते आणि तिथला रंग जातो. जगात साधारण शंभरातल्या एखाद्याला हे होतं. औषधं आहेत, कुणाला गुण येतो, कुणाला कमी येतो. पोरगी एरवी ठणठणीत आहे, दिवसभर हुंदडत असते.

तर झालं असं की, मांडवात सगळ्या मुलांचा एकत्र फोटो काढायचा होता. मुलं पुढे धावली. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "तिला जरा मागच्या रांगेत उभी करा, फोटो कायमचा राहतो." म्हणणाऱ्या बाईंचा हेतू वाईट नव्हता. उद्या पोरीला वाईट वाटू नये असाच असेल. त्यांचं नाव मी लिहिणार नाही आणि मी त्यांच्यावर रागावलेलीही नाही. का रागावले नाही ते पुढे कळेल.

रात्री गच्चीवर अंथरुणं घातली होती. नात माझ्या कुशीत होती. तिनं विचारलं, "आजी, हे डाग गेले की मग मी पुढे उभी राहू?"

पस्तीस वर्षं मास्तरकी केली मी. शेकडो मुलांना उत्तरं दिली. पण त्या क्षणी मला काही सुचेना. मग सवयीनं जी गोष्ट तोंडात आली तीच सांगायला लागले. बदकाच्या कुरूप पिल्लाची. सगळे त्याला हसत, टोचत, मग हिवाळा गेला, आणि एक दिवस त्यानं पाण्यात पाहिलं तर काय... तो तर राजहंस!

नात झोपली. मला मात्र झोप आली नाही. कारण गोष्ट संपता संपता मला १९७९ सालचा माझा तिसरीचा वर्ग आठवला.

त्या वर्गात एक मुलगा होता. लहानपणी पोलिओ होऊन उजवा पाय वाळलेला. गुडघ्यावर हात दाबून चालायचा. वडील जंगलातल्या कुपावर मजुरीला जायचे. हुशार होता, पाढे तोंडपाठ. एकदा मी वर्गात ग. दि. माडगूळकरांचं बदकाच्या पिल्लाचं गाणं शिकवलं. आशा भोसल्यांच्या आवाजातलं ते गाणं तेव्हा रेडिओवर लागायचं, तुम्हा सगळ्यांना पाठ असेल. मुलांना फार आवडलं. मी मोठ्या समाधानानं अर्थ सांगत होते, आणि हा मुलगा उठून म्हणाला,

"बाई, अन् ते बदकच निघलं असतं तं?"

सगळा वर्ग हसला. मी काय केलं? "असं होत नसतं, बस खाली," म्हटलं. तो बसला.

आता दुसरंही सांगते. त्याच वर्षीच्या पंधरा ऑगस्टला प्रभातफेरी निघाली तेव्हा मी त्याला वर्गात बसवून ठेवलं होतं, सगळ्यांची दप्तरं राखायला. "तुला चालवत नाही ना बाळा, म्हणून," असं गोड बोलून. माझाही हेतू वाईट नव्हता. म्हणून म्हटलं, मांडवातल्या त्या बाईंवर मला रागावता येत नाही. मागच्या रांगेत उभं करण्याचं काम मी त्यांच्याआधी पंचेचाळीस वर्षं केलेलं आहे.

लग्नाहून परत आल्यावर मी एक उद्योग केला. घरातली, शाळेतून पूर्वी वाचायला आणून टिपणं काढलेली, मुलांनी संगणकावर दाखवलेली अशी जमतील तेवढी मुलांची पुस्तकं समोर घेतली. मनात एकच प्रश्न होता. चारचौघांपेक्षा वेगळं असलेल्या मुलाला आपण मराठीत आजवर काय सांगत आलो? त्यातून जे हाती लागलं ते लिहिते. मी काही संशोधक नाही, साधी बी.ए. झालेली शिक्षिका आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

सुरुवात अर्थातच नीतिकथांपासून होते. मराठीत छापील बालवाङ्मय आलं ते इंग्रजी अमदानीच्या आरंभी. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ च्या सुमारास 'बाळमित्र' आणि इसापनीती मराठीत आणली. त्याआधी आपल्याकडे पंचतंत्र, हितोपदेश होतेच. या सगळ्यात वेगळेपणाच्या दोन गोष्टी फार प्रसिद्ध आहेत. एक, मोराची पिसं लावणारा कावळा. दुसरी, निळीच्या पिंपात पडलेला कोल्हा. कावळ्याची पिसं उपटली जातात, दोन्हीकडचे त्याला हाकलतात. कोल्हा राजा होतो, पण इतर कोल्ह्यांची कोल्हेकुई ऐकून त्याला राहवत नाही, तोही ओरडतो आणि मारला जातो.

मीही वर्षानुवर्षं या गोष्टी शिकवल्या. तात्पर्य फळ्यावर लिहून दिलं, "आपण जसे आहोत तसेच राहावे." वरवर पाहता हे किती छान वाटतं! पण नीट पाहिलं तर ही गोष्ट कावळ्याला सांगते की तू कावळा आहेस, पायरीनं राहा. पायरीनं राहा, हे वाक्य आपल्या समाजात कोणी कोणाला शतकानुशतकं सुनावलं ते मी वेगळं सांगायला नको. स्वतःला स्वीकारणं वेगळं आणि दिलेली जागा स्वीकारणं वेगळं. नीतिकथांनी या दोहोंची गल्लत केली आणि आम्ही शिक्षकांनी ती गल्लत फळ्यावर लिहिली.

पुढे विसाव्या शतकात चित्र थोडं पालटलं. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' मासिक काढलं, नावातच सगळं आलं. मुलांना उपदेशाबरोबर आनंदही हवा, हे कुणीतरी ओळखलं. मग साने गुरुजी. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, पुस्तक १९३५ साली आलं. त्यात एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी खाली पडते आणि शिवाशिवीमुळे कुणी उचलून देत नाही, तेव्हा आई श्यामला जायला सांगते, तो प्रसंग आठवतो ना? माझ्या वडिलांनी तो आम्हाला वाचून दाखवला होता. करुणा शिकावी तर तिथं. पण एक गोष्ट आता लक्षात येते. ती गोष्ट श्यामची आहे. मोळीवाल्या आजीच्या घरी नातू असेल, तर तो हे पुस्तक उघडून स्वतःला कुठे शोधणार? दया करणाऱ्याची गोष्ट आपल्याकडे पुष्कळ लिहिली गेली. ज्याच्यावर दया केली जाते त्याला काय वाटतं, ते लिहायला फार वेळ लागला.

आणि आता पुन्हा ते बदक. हान्स अँडरसननं डॅनिश भाषेत ही गोष्ट १८४३ साली लिहिली. बाप चांभारकाम करणारा, आई लोकांचे कपडे धुणारी, आणि हा स्वतः उंच, बेढब, लोकांच्या हसण्याचा विषय. पुढे जगभर नाव झालं. त्याची ती स्वतःची गोष्ट आहे असं म्हणतात, आणि खरं तर पटतं. त्याच्या दृष्टीनं ती खरीच होती, तो राजहंस निघालाच की! माडगूळकरांनी ते पिल्लू मराठी तळ्यात आणून सोडलं आणि ते आपलंच झालं. गाणं गोड आहे, मी आजही गुणगुणते. पण माझ्या त्या विद्यार्थ्यानं बरोबर नेमकी गाठ पकडली होती. पिल्लाला मान मिळाला तो ते राजहंस निघालं म्हणून. पिल्लू म्हणून नाही. टोचणाऱ्या बदकांना कुणी काही विचारलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच चुकलं की त्यांनी माणूस ओळखण्यात चूक केली!

अशीच एक रशियन गोष्ट. सोव्हिएत काळात मॉस्कोत छापलेली गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची पुस्तकं आपल्याकडे फार स्वस्तात मिळायची. लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनांत ती मांडलेली असत. त्यांपैकी बरीच अनिल हवालदारांनी थेट रशियनमधून मराठीत आणली होती. आमच्यासारख्या आडगावच्या शिक्षकांनी पहिली चांगली चित्रं पाहिली ती त्या पुस्तकांत. वालेंतिन कातायेव यांची सात रंगांच्या पाकळ्यांच्या फुलाची गोष्ट तुम्हाला आठवेल. एका मुलीला फूल मिळतं, एकेका पाकळीवर एकेक इच्छा. सहा पाकळ्या ती भलत्यासलत्या हौसेत उधळते. शेवटची उरते तेव्हा तिला एक लंगडा मुलगा भेटतो, त्याला पळता येत नाही. ती शेवटची पाकळी त्याच्यासाठी वापरते आणि तो बरा होतो.

वाचताना डोळ्यांत पाणी यायचं. मुलीचा चांगुलपणा खरा आहे, त्यात शंका नाही. पण माझ्या वर्गातल्या मुलाला मी कुठून पाकळी आणणार होते? देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ साली आढळला, २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पाकळी आली, पण ती लसीच्या दोन थेंबांच्या रूपानं आणि पुढच्या पिढ्यांसाठी. त्याचा पाय तसाच राहिला असणार. राजहंस होणं किंवा बरं होणं, या दोनच वाटा गोष्टींमध्ये होत्या. तसंच राहून पुढच्या रांगेत उभं राहायची तिसरी वाट कुठे नव्हती.

ती वाट मला पहिल्यांदा दिसली ती 'तोत्तोचान'मध्ये. शिक्षक मंडळींपैकी ज्यांनी हे पुस्तक वाचलं नसेल त्यांनी आजच मागवावं. तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंनी १९८१ साली आपल्या बालपणीच्या शाळेच्या आठवणी लिहिल्या. नॅशनल बुक ट्रस्टनं त्याचं मराठी केलं, अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा. मला ते नव्वदच्या दशकात एका प्रशिक्षणवर्गात हाती लागलं आणि रात्रभर जागून मी ते संपवलं. पहिल्या शाळेनं काढून टाकलेली ही द्वाड मुलगी. नव्या शाळेत वर्ग कुठे भरायचे, तर रेल्वेच्या जुन्या डब्यांत! आमच्या इस्लापुरातून गाडी जाते, आमच्या पोरांना डब्यांचं भारी वेड, त्यामुळे वर्गात हे वाचून दाखवलं तेव्हा पोरं नुसती थरारली होती.

त्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी. पहिल्या दिवशी ते त्या मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेतात. चार तास! मी माझ्या कुठल्या विद्यार्थ्याचं चार मिनिटं सलग ऐकलं असेल का, शंका आहे. त्याच शाळेत ताकाहाशी नावाचा एक मुलगा असतो, त्याची वाढ खुंटलेली, हातपाय आखूड. क्रीडादिनाला कोबायाशी सर खेळच असे आखतात की त्या मुलाचं ठेंगणेपण आडवं येत नाही, उलट उपयोगी पडतं. तो पहिला येतो. आणि यासुआकी, पोलिओ झालेला मित्र. तोत्तोचान त्याला आपल्या झाडावर पाहुणा म्हणून बोलावते. एक शिडी आणते, जमत नाही. दुसरी आणते, ढकलते, ओढते, दोघं घामाघूम होतात, आणि तो झाडावर चढतो. त्याचा पाय बरा होत नाही. तो राजहंस निघत नाही. एवढंच होतं की कुणीतरी त्याच्यासाठी शिडी शोधत राहतं.

ते वाचलं त्या रात्री मला ती प्रभातफेरी आठवली. अहो, गावात हातगाडी होती, बैलगाडी होती. झेंडा हातात देऊन त्याला गाडीत पुढे बसवलं असतं तर काय बिघडलं असतं? सुचलंच नाही. सुचलं नाही, हीच तर सगळी गोष्ट आहे. पुस्तकं सुचवण्याचं काम करतात. ज्या काळात अशी पुस्तकं नव्हती, त्या काळात आम्हाला शिड्या सुचल्या नाहीत.

पण "पुस्तकं नव्हती" हेही पूर्ण खरं नाही. इथं आणखी एक कबुली द्यावी लागते. १९८७ साली खडू-फळा मोहीम सुरू झाली. त्यातून पुढे शाळांना साहित्य आलं, पुस्तकंही आली. आमच्याकडेही आली. मी काय केलं? डेडस्टॉक रजिस्टरला नोंद केली आणि कपाटाला कुलूप लावलं. पुस्तक फाटलं तर भरपाई कोण देणार, ही धास्ती. कपाट उघडायचं ते तपासणीच्या दिवशी. त्यातच नेहरू बाल पुस्तकालयाची पुस्तकं होती. मिकी पटेल यांचं रूपा हत्तिणीचं पुस्तक होतं. रूपाला आपल्या करड्या रंगाचा कंटाळा येतो, ती इतर प्राण्यांसारखं रंगीबेरंगी होऊन पाहते आणि शेवटी आपल्या करड्या रंगावर परत येते. गोष्ट तीच की, निळ्या कोल्ह्याची! पण इथं कुणी तिला ठार मारत नाही, पायरीवर राहा म्हणत नाही. हौस केली, पाहिलं, परत आली. किती फरक पडतो बघा. हे पुस्तक माझ्या कपाटात कित्येक वर्षं कुलपात होतं, आणि बाहेर मी फळ्यावर कोल्ह्याचं तात्पर्य लिहीत होते.

आता जरा आमच्या गावाविषयी सांगते, कारण वेगळेपणाचा विषय इथं केवळ पाय आणि कातडीपुरता नव्हता. इस्लापूर आज किनवट तालुक्यात, नांदेड जिल्ह्यात आहे. पण १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद संस्थानातल्या, मग हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतो. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात चक्क आमच्या गावाचं नाव आहे. बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल आणि किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात द्यावेत, असं त्यात लिहिलं आहे. नाव वाचून अंगावर मूठभर मांस चढतं! पण त्याचा अर्थ असा की रात्रीतून आमचं राज्य बदललं, बोलणारी तोंडं तीच राहिली. माझ्या वर्गात मराठी बोलणारी मुलं होती, घरी तेलुगू बोलणारी होती, गोरमाटी बोलणारी तांड्यावरची होती, उर्दू बोलणारी होती, गोंडी बोलणारी होती. पुस्तक मात्र एकच. त्या पुस्तकातल्या चित्रात आई नऊवारी किंवा पाचवारी नेसलेली, घर कौलारू, दारात तुळस. तांड्यावरच्या पोरीला त्यात आपली घागरा-काचळीतली आई कधी दिसली नाही.

आणि गंमत अशी, की याच आदिलाबाद जिल्ह्यात हे फार आधी कुणाला तरी सुचलं होतं. १९४० साली जोडेघाटला कोमुरम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारला आदिवासींकडे लक्ष द्यावं लागलं. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ तिथं काम करत होता. त्याच्या पुढाकारानं १९४३ साली मारलावाई इथं गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघालं आणि गोंडी भाषेतली वाचनमाला तयार झाली. तीही देवनागरी लिपीत! गोंड मुलाच्या हातात त्याच्याच बोलीतलं पुस्तक. पुढे राज्यं बदलली, माध्यमं बदलली, आणि ते काम मागे पडलं. मी ज्या वर्षी नोकरीला लागले, त्या १९७४ साली, मला याचा गंधही नव्हता. गोंडी बोलणाऱ्या मुलाला मी "नीट मराठीत बोल" म्हणत होते. "नीट" हा शब्द मी किती सहज वापरला!

मग अलीकडच्या काळात काय बदललं? पुष्कळ बदललं. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आली. त्या स्वतः चित्रकार, स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. 'राधाचं घर' पाहा, घरातल्या एकेका माणसावर एकेक चिमुकलं पुस्तक. 'हात मोडला' पाहा, 'बाबांच्या मिश्या' पाहा. शेवटी तात्पर्य नाही. कुणी सुधारत नाही, कुणी राजहंस होत नाही. माणसं जशी असतात तशी असतात, थोडी वेंधळी, थोडी चिडकी, आणि मुलं त्यांच्याकडे टक लावून पाहतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला, जुन्या वळणाच्या शिक्षिकेला, वाटलं, "हे काय, यात शिकवलंय काय?" मग कळलं की न शिकवता शेजारी बसणं हेच शिकवणं आहे.

अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर जगभरची कितीतरी पुस्तकं फुकट वाचायला ठेवलेली आहेत. तिथं फर्डिनंड बैल भेटला. मन्रो लीफ यांनी लिहिलेली, १९३६ सालची गोष्ट. इतर गोऱ्हे टकरा देतात, आणि हा झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. त्याच्या आईला काळजी वाटते, एकटा पडेल की काय. ती त्याला विचारते. तो सुखात आहे असं दिसल्यावर ती त्याला तसंच राहू देते. पुढे त्याला झुंजीच्या मैदानात नेतात, तो तिथंही फुलांचा वास घेत बसतो, आणि शेवटी पुन्हा आपल्या झाडाखाली येतो. आमच्याकडे पोळ्याला बैलांची मिरवणूक निघते तेव्हा सगळ्यांना तगडा, डिरकणारा बैल हवा असतो. गरीब बैलाला कोण विचारतो? पण शेतकऱ्याला विचारा, घरच्या पोराला ज्याच्या पाठीवर बसवता येतं तो बैल कोणता.

आणि एक आनंदाची गोष्ट. आमच्या किनवट-माहूर भागात परधान समाज आहे, गोंडांच्या कथा-गाणी जपणारे पिढीजात गायक. मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या परधान गोंड चित्रकारांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अशी पुस्तकं केली की जगानं पाहत राहावं. भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंग उर्वेती यांचं झाडांवरचं पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सनं २००६ साली काढलं, २००८ साली त्याला इटलीतल्या बोलोन्याचं मोठं पारितोषिक मिळालं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी 'भीमायन'मध्ये बाबासाहेबांचं बालपण चितारलं, ते २०११ साली आलं. ज्या लेकरांना पुस्तकात जागा नव्हती त्यांच्याच समाजातल्या माणसांनी पुस्तकं काढली. 'प्रथम बुक्स'नं २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' नावाची सोय केली आहे, तिथं अनेक भाषांत, अगदी गोंडीतसुद्धा, चित्रांच्या गोष्टी फुकट वाचता येतात. मारलावाईचं राहिलेलं काम असं आडवाटेनं पुन्हा सुरू झालं म्हणायचं.

असो. इतकं सगळं वाचून मी नातीसाठी काय केलं, ते सांगते आणि थांबते.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी ती पंधरा दिवस माझ्याकडे होती. कोड असलेल्या मुलीचं मराठी चित्रपुस्तक मला काही मिळालं नाही. म्हणून आम्हीच एक करायचं ठरवलं. पाठकोऱ्या कागदांची वही शिवली, सुईदोऱ्यानं. कुणाची गोष्ट, ते तिनं ठरवायचं. आमच्या शेजाऱ्यांकडे एक शेळी आहे, काळी, अंगावर पांढरे डाग. तिला सगळे बांडी म्हणतात. नातीनं बांडीची गोष्ट घेतली.

मी तिच्या शेजारी बसून विचार करत होते. जनावरांच्या डागांसाठी आपल्या भाषेत किती लाडाचे शब्द आहेत! बांडी, कबरी, ठिपकी, कपाळावर डाग असला तर चांदणी. बाजारात कबरी गाय बघायला माणसं थांबतात. आणि माणसाच्या अंगावर तसाच डाग आला की एकच शब्द, तोही कुजबुजत म्हणायचा.

पुस्तक आठ पानांचं झालं. बांडी पाला खाते. बांडी भिंतीवर चढते. बांडी आजीचं धुणं ओढते. बांडी पावसात भिजते आणि ओरडते. असंच. माझ्यातली मास्तरीण काही गप्प बसेना, मी विचारलंच, "मग शेवटी तिच्या डागांचं काय होतं?"

"ते अजून लिहिलं नाही," ती म्हणाली आणि बांडीला शिंगं काढायला लागली.

मी पुढे विचारलं नाही. औषध चालू आहे, डाग जातील किंवा राहतील. आम्ही दोघींनी ते पान कोरं ठेवलं आहे.

त्या तिसरीतल्या मुलाचं काय झालं, मला माहीत नाही. चौथीनंतर त्याची शाळा सुटली, वडील कामासाठी तेलंगणाकडे गेले, त्यांच्याबरोबर तोही गेला. आज साठीच्या उंबरठ्यावर असेल. त्यानं हे वाचण्याची शक्यता नाही. तरी त्याच्या प्रश्नाचं उत्तर इथं लिहून ठेवते, पंचेचाळीस वर्षं उशिरा. बाळा, ते बदकच निघालं असतं, तर ते बदक होतं. पोहलं असतं. टोचणारे चुकलेच होते. आणि बाई पण चुकल्या होत्या.

दिवाळीला तुम्ही सगळे इस्लापूरला येताय. सहस्रकुंडला पाणी असेल, सगळी मिळून जाऊ. येताना फराळाचं काही आणू नका, मुलांसाठी एकेक चित्रांचं पुस्तक आणा. त्यात तात्पर्य नसलं तर उत्तम. नातीला भेटल्यावर औषधाची, डागाची, "कमी झालं का ग" ही चौकशी करू नका. तिला बांडीचं पुस्तक दाखवायला सांगा, ती आनंदानं दाखवेल.

आणि हो, फोटो काढायचा आहे, मुलांचा, अंगणात. कोणी कुठं उभं राहायचं ते मुलं ठरवतील.